अर्धे वचन: नाटोचे दूरचे भागीदार आणि आपण

भुसावळ तालुक्यातल्या वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गेली साठेक वर्षे लष्करासाठी गोळ्या बनतात. त्यातली एक ५.५६ मिलिमीटरची, इन्सास रायफलीत भरायची. नाटो या लष्करी आघाडीने १९८० मध्ये आपल्या सदस्यांच्या सैन्यांसाठी जे माप प्रमाण मानले, ते हेच. भारत नाटोचा सदस्य नाही. नाटोने ज्यांना भागीदार म्हटले आहे त्या देशांतही भारताचे नाव नाही. तरी गोळीचे माप तिकडचे आहे, आणि त्यात वावगे काही नाही. चांगले माप कुठूनही घ्यावे. प्रश्न पुढे सुरू होतो. मापासोबत युद्धेही घ्यायची का? आणि घेतली, तर आपल्या युद्धात समोरचा येईल याची हमी कोण देणार?

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न दिल्लीच्या चर्चासत्रांतून बाहेर पडून थेट आपल्या दारात आला आहे. २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीने ‘नाटो प्लस’ या (नाटोबाहेरच्या, पण अमेरिकेशी संरक्षणाचे खास संबंध असलेल्या देशांच्या) व्यवस्थेत भारताला घ्यावे अशी शिफारस केली. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तो साचा भारताला लागू पडत नाही असे सांगून विषय मिटवला. दोन वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, नाटोचे सरचिटणीस मार्क रुट्टे यांनी रशियाशी व्यापार करत राहिल्यास जबर निर्बंध सोसावे लागतील, असा इशारा चीन आणि ब्राझीलसोबत भारतालाही दिला. ऑगस्टमध्ये अमेरिकेने रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन आपल्या मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. कापड निर्यातदारांना फटका बसला. त्यांना दिलासा म्हणून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले, आणि परदेशी कापूस नेमका आपल्या वेचणीच्या हंगामात बिनशुल्क येऊ लागला. चोपडा, पारोळा, शिंदखेड्याच्या शेतकऱ्याने युक्रेनच्या युद्धात काहीच केले नव्हते, पण त्या युद्धाचा हिशेब त्याच्या कापसाच्या भावातून झाला. म्हणून दूरच्या देशांशी संरक्षणाची भागीदारी कशी असावी, हे बोलायचा हक्क खानदेशालाही आहे.

आधी नाटोचा कागद काय म्हणतो ते पाहू, कारण त्याबद्दल आपल्याकडे फार ढोबळ समजुती आहेत. ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी सही केलेल्या या कराराचे आज ३२ सदस्य आहेत. पाचवे कलम सगळ्यांना पाठ असते: एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला. पण त्याच कलमात पुढे असे आहे की प्रत्येक देश ‘स्वतःला आवश्यक वाटेल ती’ कृती करील, आणि त्या कृतीत बळाचा वापर येऊ शकतो. सैन्य पाठवलेच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. सहावे कलम तर भूगोलच आखून देते. संरक्षणाची हद्द युरोप, उत्तर अमेरिका, तुर्कस्तान आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची बेटे, एवढीच. पॅसिफिकमधले हवाई हे अमेरिकेचे राज्य असूनही या हद्दीबाहेर राहते. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेतली, तेव्हा ब्रिटन नाटोचा संस्थापक सदस्य होता, पण बेटे कर्कवृत्ताच्या फार दक्षिणेला. पाचवे कलम तिथे लागलेच नाही. आजवर ते एकदाच लागू झाले, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर.

ही झाली सदस्यांची गोष्ट. भागीदारांचे स्थान यापेक्षा पुष्कळ खाली आहे. जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांचे नेते जून २०२२ मध्ये माद्रिदच्या शिखर परिषदेत प्रथमच एकत्र बसले आणि त्यानंतर हे बोलावणे नेहमीचे झाले. प्रत्येकाशी वेगळा आराखडा ठरला आहे. सायबर सुरक्षा, सागरी टेहळणी, अपप्रचाराचा सामना, शस्त्रांची मापे जुळवणे, एकत्र सराव. कोलंबिया, मंगोलिया, इराक हेही भागीदार आहेत. पाकिस्तानही आहे. यांपैकी कुणालाही पाचव्या कलमाचे छत्र नाही. टोकियोत नाटोचे एक छोटे संपर्क कार्यालय उघडायचा विचार २०२३ मध्ये झाला, तर फ्रान्सनेच त्याला विरोध केला आणि तो बारगळला. जपानला उद्या हल्ल्याची भीती असेल तर त्याचा आधार अमेरिकेशी १९६० साली झालेला स्वतंत्र करार आहे, ब्रुसेल्समधली खुर्ची नव्हे.

या भागीदाऱ्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. युरोपचे आणि आशियाचे युद्ध आता वेगळे राहिलेले नाही, हा त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा, आणि तो मला पटतो. २०२४ च्या अखेरीस उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या बाजूने कुर्स्कच्या आघाडीवर उतरले. त्याआधी २०२२ मध्ये पोलंडने दक्षिण कोरियाकडून रणगाडे आणि तोफा मागवल्या, कारण तेवढ्या वेगाने देणारा युरोपात कुणी नव्हता. एका खंडातला कारखाना दुसऱ्या खंडातल्या खंदकाला माल पुरवतो आहे. अशा काळात दूरच्या देशांनी एकमेकांशी बोलूच नये, हा सल्ला आंधळेपणाचा होईल.

माझा आक्षेप अर्ध्या वचनाला आहे. वस्तूंचा व्यवहार स्पष्ट असतो. इतके नग, या तारखेला, या किमतीला. पूर्ण वचनही स्पष्ट असते. घातक असते ते मधले. ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ हे वाक्य, ज्यात कोण, किती, कुठवर यातले काहीच नसते. ते ऐकून धाकटा देश मोठ्या शत्रूला अंगावर घेतो. शत्रू तेच वाक्य ऐकून म्हणतो की हे वचन पुरे होण्याआधीच हल्ला केलेला बरा. म्हणजे ज्याला धीर द्यायचा त्याचाच धोका वाढतो.

हे समजायला खानदेशाला परका इतिहास लागत नाही. फारुकी सुलतानांनी थाळनेर, अशीरगड आणि बऱ्हाणपूर धरून तापीचे हे खोरे दोनशे वर्षांवर सांभाळले. उत्तरेला माळवा, पश्चिमेला गुजरात, दक्षिणेला अहमदनगर, तिन्ही आपल्यापेक्षा मोठे. फारुकी टिकले ते सगळ्यांशी संबंध ठेवून, वेळप्रसंगी मान तुकवून, पण अशीरगडाच्या किल्ल्या हातातून न सोडता. मग मुघल आले. १५९१ मध्ये अकबराने आपला दरबारी कवी फैजीला वकील म्हणून बऱ्हाणपुरास पाठवले आणि फारुकी सुलतान राजा अली खानाने बादशहाचे वर्चस्व मानले. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर याहून वेगळे काय करू शकला असता, हे मला सांगता येणार नाही. एवढी मोठी सत्ता दारात उभी असताना तिला मित्र म्हणणे हे शहाणपणाचेच होते.

सहा वर्षांनी, १५९७ मध्ये, गोदावरीकाठी सोनपेठच्या परिसरात मुघल सेनापती खानखानान अब्दुर्रहीम आणि दख्खनी सुलतानांच्या फौजा भिडल्या. राजा अली खान आपले सैन्य घेऊन मुघलांच्या बाजूने उभा होता. लढाई त्याच्या घरापासून लांब होती आणि वैरही मुळात त्याचे नव्हते. पूर्वी त्याने याच अहमदनगरच्या बाजूने मुघलांना अडवले होते. तो लढता लढता पडला. रात्र झाली, गोंधळ माजला, आणि खानदेशचा सुलतान दिसत नाही म्हणताना मुघल छावणीत बोलले जाऊ लागले की तो फितूर झाला. त्याच्या छावणीची लूट झाली, तीही शत्रूकडून नव्हे, ज्यांच्यासाठी तो मेला त्यांच्याच हातून. त्याचे प्रेत नंतर रणांगणात सापडले.

त्याचा मुलगा बहादूर खान गादीवर आला तो हे सारे पाहून. १६०० मध्ये अकबराचा मुलगा शहजादा दानियाल बऱ्हाणपुराजवळ आला, तर बहादूर खान भेटीला बाहेर पडलाच नाही. अशीरगडावर जाऊन त्याने दरवाजे लावून घेतले. अकबर स्वतः चालून आला. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला, फारुकी राज्य संपले, आणि खानदेशचे नाव दानियालवरून दानदेश ठेवण्यात आले. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण रावेरहून जाणाऱ्या कुणालाही ते परके वाटत नाही, आणि अशीरगडाची ती भिंत रस्त्यावरून अजून दिसते.

राजा अली खान भेकड नव्हता आणि मूर्खही नव्हता. त्याला आपले म्हटले होते ते कामापुरते. लढाई बिघडली तेव्हा संशयाचे पहिले बोट त्याच्याकडे वळले, कारण तो बाहेरचा होता. दूरच्या किंवा मोठ्या आघाडीचा भागीदार होण्यातली जोखीम याहून नेमकी मला दुसरीकडे दिसली नाही.

विसाव्या शतकात हाच अनुभव पाकिस्तानला आला. १९५४ मध्ये पाकिस्तान आग्नेय आशियासाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या सीटो आघाडीत शिरला आणि पुढच्या वर्षी बगदाद करारात, जो पुढे सेंटो झाला. सीटोच्या करारावर सही करतानाच अमेरिकेने लिहून ठेवले होते की आमची बांधिलकी फक्त कम्युनिस्ट आक्रमणापुरती. पाकिस्तानचे लक्ष भारतावर होते, पण त्याने सही केली, कारण त्याला रणगाडे आणि विमाने हवी होती आणि वेळ आल्यावर बाकीचेही मिळेल अशी आशा होती. १९६५ मध्ये ती वेळ आली. अमेरिकेने भारतासह पाकिस्तानचीही लष्करी मदत थांबवली. १९७१ मध्ये आघाडीतला एकही देश लढायला आला नाही. अमेरिकेची एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली खरी, पण ढाका पडायचे थांबले नाही. सीटो १९७७ मध्ये आणि सेंटो १९७९ मध्ये मोडीत निघाले.

आणखी अलीकडचे उदाहरण जॉर्जियाचे आहे, आणि ते मला अधिक अस्वस्थ करते. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या परिषदेत नाटोने जाहीर केले की युक्रेन आणि जॉर्जिया हे पुढे सदस्य ‘होतील’. केव्हा, कसे, तोवर त्यांचे रक्षण कोण करणार, याबद्दल अक्षर नाही. चारच महिन्यांनी रशियाचे रणगाडे जॉर्जियात होते. त्या दिवशी जॉर्जियाचे सुमारे २,००० सैनिक अमेरिकेच्या मदतीला इराकमध्ये होते. अमेरिकी विमानांनी त्यांना घाईने घरी आणून सोडले. मदत म्हणायची ती एवढी. पाच दिवसांत युद्ध संपले आणि देशाचा पाचवा हिस्सा रशियाच्या ताब्यात राहिला. तरी जॉर्जिया पुढे वर्षानुवर्षे अफगाणिस्तानात सैन्य पाठवत राहिला, नाटोबाहेरच्या देशांत सर्वाधिक सैन्य त्याचे होते. त्याचे तीसहून जास्त जवान तिथे मेले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल सोडले गेले, ते अमेरिकेने तालिबानशी दोहात आधीच केलेल्या करारातून. ज्या भागीदारांनी माणसे गमावली ते त्या बैठकीत नव्हते. युक्रेनचे २०२२ पासून काय झाले ते रोज दिसते आहे.

आता दुसरी बाजू. आपणही एकदा दूरच्या देशाशी करार केला होता आणि तो उपयोगी पडला. ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार. त्याचे नववे कलम आजही वाचण्यासारखे आहे. कुणावर हल्ला झाला किंवा हल्ल्याची धमकी आली, तर दोघे तत्काळ सल्लामसलत करतील आणि धोका दूर करण्यासाठी योग्य ती पावले उचलतील. ‘आम्ही तुमच्यासाठी लढू’ असे त्यात नाही. तेवढ्यावर भागले, कारण दोघांना नेमके काय हवे ते ठरलेले होते. डिसेंबरात सोव्हिएत संघाने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला आणि अमेरिकी ताफ्यामागे स्वतःची जहाजे लावली. जमिनीवरची लढाई आपल्या सैन्याने लढली आणि आपणच लढणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्या कराराने आपण सोव्हिएत गोटात फार ओढले गेलो, अफगाणिस्तानात १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा घुसल्यावर आपला आवाज बसला, ही टीका खोटी नाही. उपयोगी कराराचीही किंमत असते.

माझ्याशी वाद घालणारे मित्र इथे गलवान काढतात, आणि काढायलाच हवे. जून २०२० मध्ये आपले २० जवान गेले. चीनची अर्थव्यवस्था आपल्या कितीतरी पट मोठी आहे, आणि पाकिस्तान त्याच्या शस्त्रांवर उभा आहे. एकट्याने हे पेलायचे कसे? माझे उत्तर असे की त्या हिवाळ्यात काय झाले तेच पाहा. लडाखमध्ये अचानक वाढवलेल्या सैन्यासाठी अमेरिकेकडून थंडीचे कपडे तातडीने घेता आले, कारण २०१६ मध्ये एकमेकांना रसद पुरवण्याचा करार झालेला होता. नोव्हेंबरमध्ये दोन सी गार्डियन ड्रोन भाड्याने आले. हे सगळे वस्तूंचे, ठरलेल्या अटींचे व्यवहार होते. ते चालले. त्यासाठी आपल्याला कुणाच्या गटाचे म्हणवून घ्यावे लागले नाही आणि तैवानसाठी काय करणार हेही कुणाला लिहून द्यावे लागले नाही. बर्फात पहारा मात्र आपल्याच पोरांनी केला. यात खानदेशातल्या घराघरांतली पोरेही आहेत, भरतीच्या वर्षी पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावताना ती आपण पाहतो.

आजच्या भारतीय जवानाच्या हातात पाहिले तरी हीच नीती दिसते. काहींकडे आपली इन्सास, काहींकडे अमेरिकेची सिग, आणि काहींकडे अमेठीत रशियाच्या साहाय्याने बनणारी एके-२०३. तीन प्रकारच्या गोळ्या सांभाळणे हा रसदीचा त्रास आहे, हे कुणीही क्वार्टरमास्टर सांगेल. पण एका दुकानावर अवलंबून राहण्यापेक्षा हा त्रास परवडतो, असे मला ठामपणे वाटते.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणी बोलत नाही. आपण स्वतः कुणाचे तरी दूरचे भागीदार होत चाललो आहोत. पिनाक रॉकेटचे पॉड (रॉकेटे भरून डागायचे खोके) भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बनतात, आणि पिनाक आर्मेनियाने विकत घेतले आहे. आर्मेनिया हा रशियाच्या आघाडीचा सदस्य होता. अझरबैजानशी संघर्षात त्या आघाडीकडे मदत मागून हाती फारसे काही न लागल्याने त्याने २०२४ मध्ये तिच्यातला सहभागच गोठवला. फिलिपिन्सने २०२२ मध्ये ब्राह्मोससाठी ३७.५ कोटी डॉलरचा करार केला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिला संच तिकडे पोहोचला. चीनशी समुद्रात रोज झटणारा हा देश आहे. उद्या आर्मेनिया किंवा फिलिपिन्स संकटात सापडले तर ते दिल्लीकडे पाहतील. त्यांना आपण काय सांगितले आहे? फक्त माल, सुटे भाग आणि प्रशिक्षण? की भाषणांच्या भरात त्याहून काही जास्त? जॉर्जियाला बुखारेस्टमध्ये जे ऐकवले गेले, तसले वाक्य आपल्या कुणा मंत्र्याच्या तोंडून जाऊ नये, याची मला खरोखर काळजी वाटते. धाकट्या देशाला खोटी आशा दाखवणे हे मोठ्या देशाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्दय राजकारण आहे. आपण आता त्या धाकट्यापेक्षा मोठे आहोत.

म्हणून मागणी एकच, आणि ती अवघड नाही. १९४९ मध्ये नाटोचा करार अमेरिकी सिनेटपुढे गेला, तिथे दिवसेंदिवस वाद झाला आणि ८२ विरुद्ध १३ मतांनी तो संमत झाला. ‘आवश्यक वाटेल ती कृती’ हे सैल शब्दही सिनेटच्या धास्तीमुळेच त्यात आले. युद्ध पुकारायचा आपला हक्क कराराने आपोआप जाऊ नये, असा तिथल्या लोकप्रतिनिधींचा आग्रह होता. आपल्याकडे परकीय करार करणे हा सरकारचा अधिकार मानला जातो. संसदेची मंजुरी लागत नाही. २०१६, २०१८ आणि २०२० मध्ये अमेरिकेशी झालेले रसद, दळणवळण आणि नकाशांचे तीन पायाभूत करार असेच झाले. ते वाईट होते असे नाही. वर म्हटले तसे त्यांतला एक लडाखमध्ये कामी आला. पण त्यांतून आपण काय देणे लागतो, आणि काय देणे लागत नाही, हे निवडून दिलेल्या माणसांपुढे उघडपणे मांडले गेले नाही. किमान असा नियम हवा की कोणत्याही लष्करी भागीदारीचा मजकूर, गोपनीय तांत्रिक भाग वगळून, दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जाईल आणि त्यावर मतदान नाही तरी चर्चा होईल. भारत ज्यांना शस्त्रे देतो त्या करारांनाही हाच नियम लागावा.

जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार असे चार खासदार आपण दिल्लीला पाठवतो. केळीचा विमा, कापसाचा भाव, रेल्वेचे थांबे यांवर ते सभागृहात प्रश्न विचारतात, आणि विचारलेच पाहिजेत. त्याच यादीत हेही दोन प्रश्न घालावेत. क्वाडमधल्या (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया या गटातल्या) दुसऱ्या एखाद्या देशावर हल्ला झाला तर भारताने काय करायचे मान्य केले आहे? आणि चीनने अरुणाचलात किंवा लडाखमध्ये आगळीक केली तर त्या देशांनी काय करायचे मान्य केले आहे? दोन्हींचे उत्तर ‘काहीही नाही’ असेल तर तेही मंत्र्यांनी सभागृहात स्पष्ट सांगावे. तसे उत्तर नोंदीवर आले तर सीमेवरच्या सैन्याची, वरणगावच्या उत्पादनाची आणि देशाच्या अर्थसंकल्पाची आखणी त्याच धर्तीवर करता येईल.